नोकरी गेल्याचे पेढे

सिन्नरहून निघालो त्या दिवशी आमच्या ओट्यावर एवढी माणसं जमली होती, की मी कतारला चाललोय का निवडणुकीला उभा राहिलोय असा प्रश्न पडावा. गाडी दारात उभी होती. ड्रायव्हर सारखा घड्याळ बघत होता. शेजारचे काका विचारत होते, तिकडे वांगी मिळतात का. मावशी म्हणत होती, आणखी एकदा देवाच्या पाया पड. मी खुर्चीत बसून सगळ्यांना हो हो म्हणत होतो, कारण खरं सांगायचं तर मला उठवतच नव्हतं. मग आप्पा, म्हणजे माझे वडील, आतून बाहेर आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "ऊठ. कुणी ऊठ म्हणायच्या आधी आपण उठावं." मी उठलो. गाडीत बसलो. मागे वळून बघायचं राहूनच गेलं.

हे वाक्य आमच्या घरात सगळीकडे चालायचं. लग्नाच्या पंगतीत ताकभात संपला की आप्पा आमच्याकडे असे बघायचे की घास घशात अडकावा. दुसऱ्या पंगतीचा माणूस आपल्या पाठीशी येऊन उभा राहिला, ह्याहून मोठी नामुष्की त्यांच्या लेखी नव्हती. पाहुण्यांकडे गेलो तर दुसरा चहा विचारायच्या आत निघायचं. शाळेतल्या स्पर्धेत बक्षीस मिळत नाही असं दिसलं, तर नाव पुकारणं संपायच्या आत सभागृहाबाहेर यायचं. आई वैतागायची. म्हणायची, "ह्यांना देवळातही बसवत नाही, देव ऊठ म्हणेल म्हणून भीती."

आप्पा विडी कारखान्यात कारकून होते. मी सातवीत असताना एका संध्याकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले आणि म्हणाले, "सोडली नोकरी." दुसऱ्या दिवशी गल्लीत पेढे वाटले. नंतर ते एका किराणा दुकानाचा हिशोब लिहायला जाऊ लागले. आमच्याकडे शिकरण रविवारपुरती झाली, पण ते पेढे मला आठवत राहिले. नोकरी सोडणं ही पेढे वाटण्यासारखी गोष्ट असते आणि सोडणारा माणूस मोठा असतो, एवढं त्या वयात माझ्या डोक्यात पक्कं बसलं. लहानपणी बसलेलं उठता उठत नाही, हे तुम्ही मंडळी जाणताच.

तुम्ही म्हणजे सिन्नरला राहिलेले आणि माझ्यासारखे इकडे आलेले, दोन्ही. दोघांशीही मी गेलं वर्षभर खोटं बोललोय. म्हणून हे लिहितोय.

दोह्यात मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग इंजिनिअर होतो. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, मध्ये काय अडणार, ह्याचा तक्ता करायचा. दुसऱ्यांच्या कामाचा शेवट मला महिनोन्‌महिने आधी दिसायचा. स्वतःचा दिसला नाही, तो भाग वेगळा. लग्नानंतर सुनीता आली, मुलगी ईशा इथेच शाळेत गेली. बिन महमूद भागात दोन खोल्यांचा फ्लॅट होता. घरात मराठी, जिना उतरला की हिंदी, ऑफिसात इंग्रजी आणि सिग्नलला पुढचा हलला नाही की अरबी, यल्ला, म्हणजे चल. सुनीता हाक मारायची, "ईशा, पोळ्या गरम आहेत, ये," आणि आतून उत्तर यायचं, "कमिंग, आई, फाइव्ह मिनिट्स." सुरुवातीला मी चिडायचो. नंतर त्यातला 'आई' तेवढा ऐकायला शिकलो.

नाशिकला फ्लॅट घ्यायचा म्हणून इथल्या बँकेचं कर्ज काढलं. सगळेच काढतात. इथे कमवायचं, तिथे बांधायचं, आणि वर्षातून एकदा जाऊन त्या घराचे पंखे पुसायचे, अशी आपली तऱ्हा. कर्ज देताना बँकेच्या माणसानं सांगितलं, ह्याच्यासोबत नोकरी गेल्याचा विमाही आहे, नोकरी गेली तर काही महिने हप्ते विमा कंपनी भरेल. मी म्हटलं असू दे. प्रवासाला निघताना गाडीखाली लिंबू ठेवतो ना, तशी ती सही केली आणि विसरलो.

मग आमचा मोठा प्रोजेक्ट संपला. नवीन काम येणार येणार म्हणत होते. आज इन्शाल्ला, उद्या इन्शाल्ला. एके दिवशी एचआर मॅनेजरनं बोलावलं. जॉर्डनचा माणूस, बोलायला गोड, माझ्या मुलीची चौकशी करणारा. चहा मागवला. म्हणाला, माणसं कमी करायची आहेत, तुझं नाव आहे, मला फार वाईट वाटतंय. मग पुढे वाकून म्हणाला, तू सीनिअर माणूस आहेस, तुझ्या फाइलवर टर्मिनेशन कशाला हवं, तूच राजीनामा दे, आम्ही चांगलं पत्र देतो, तुझं नाव स्वच्छ राहील.

मी चहासुद्धा संपवला नाही. कानात आप्पांचं वाक्य वाजलं आणि मी उठलो. त्या बिचाऱ्याला वाटलं असेल, हा भांडेल, रडेल, निदान विचार करायला वेळ मागेल. मी तर सहीला पेनही स्वतःचंच काढलं.

घरी आलो तेव्हा सुनीता दारातच होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला कळलं. "काढलं का हो?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नाही. मीच सोडली." तिच्या चेहऱ्यावरचा ताण जो सैल झाला, तो बघून मला स्वतःचा अभिमान वाटला. खोटं कशाला सांगू? पगार बंद होणार, व्हिसा जाणार, मुलीची शाळा अर्धवट, आणि आम्ही दोघं कसल्या समाधानात होतो, तर काढलं नाही, सोडली. सुनीता म्हणाली, "मग तोंड पाडून निघू नका तिथून. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, ह्याला काहीतरी चांगलं मिळालंय."

म्हणून शेवटच्या दिवशी मी अल मन्सूरा भागातल्या मिठाईच्या दुकानातून पेढ्यांचे बॉक्स घेतले आणि ऑफिसभर वाटले. केरळचे, इजिप्तचे, फिलिपिन्सचे, सगळ्यांनी खाल्ले. रिसेप्शनवरच्या पोरीनं विचारलं, "सर, प्रमोशन?" मी हसलो. एचआर मॅनेजरनं माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला, त्याच्या तोंडात पेढा आणि माझ्या हातात बॉक्स. ऑफिसच्या ग्रुपवर मी इंग्रजीत मेसेज टाकला, की बऱ्याच विचारांती नव्या संधींच्या शोधात जायचं मी ठरवलंय. त्यातलं इंग्रजी ईशानं तपासून दिलं होतं. दिवसभर अंगठे येत राहिले. आमच्या नात्यातल्या ग्रुपवरही तेच टाकलं, मराठीत. तुमच्यातल्या अनेकांनी अभिनंदन लिहिलं होतं. आठवतं ना?

सुरुवातीचे दिवस मी बरा होतो. रोज दाढी करून बसायचो, अर्ज पाठवायचो. ओळखीच्यांना फोन केला की म्हणायचे, सर, तुमच्यासारख्या माणसाला काय कमी. एकदा इंडस्ट्रियल एरियात एका वर्कशॉपमध्ये मुलाखतीला गेलो. तिथल्या मालकानं खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं विचारलं आणि म्हणाला, तुम्ही आमच्यासाठी फार मोठे आहात. माझ्या वयाच्या माणसाचं हे असं आहे. सगळे सर म्हणतात आणि कुणी कामावर घेत नाही.

कंपनीनं हिशोबाचे पैसे दिले ते बँकेत गेले, आणि बँकेनं ते कर्जात वळते करून घेतले. तो त्यांचा हक्कच होता, कागदावर लिहिलेलं होतं. तरीही कर्ज उरलंच. शाळेचं वर्ष संपताच सुनीता आणि ईशाला नाशिकला पाठवलं, त्या फ्लॅटमध्ये. ज्या घराचे आम्ही पंखे पुसायचो तिथे त्या दोघी राहायला गेल्या. बिन महमूदचं घर रिकामं केलं. देव्हारा सुनीतानं सोबत नेला, बाकी सगळं शेजाऱ्यांना वाटलं. वाटण्याची मला आता सवयच झाली होती. मी अल मन्सूरात एका खोलीत राहायला आलो, बबन नावाच्या पारनेरच्या ड्रायव्हरसोबत. चांगला माणूस आहे. पिठलं करतो आणि फार प्रश्न विचारत नाही. घरी मी सांगितलं, थोडं काम उरलंय, ते उरकून येतो.

मी का जात नव्हतो, ते सांगतो. तिकिटाचा प्रश्न नव्हता. हप्ते थकले आणि बँक कोर्टात गेली, तर विमानतळावर थांबवतात. मागे राहिलेलं कर्ज मिटल्याशिवाय मला हा देश सोडता येत नव्हता, आणि नोकरी नाही म्हणून इथे राहताही येत नव्हतं. व्हिसाची मुदत संपत चालली होती. दाराच्या उंबऱ्यात पाय अडकावा आणि दोन्ही बाजूंनी दार लोटलं जावं, तसं झालं होतं माझं.

त्या दिवसांत माझ्या आतेभावाचा फोन आला. तो इंग्लंडला असतो. म्हणाला, "अरे, मग बेकारभत्त्याचा अर्ज कर की. माझी नोकरी गेली होती तेव्हा मला मिळाला." मी म्हटलं, बाबा, इथे आपल्यासाठी तसलं काही नाही. इथे आपण नोकरीला आलेलो असतो, राहायला नाही. नोकरी संपली की खलास. पण फोन ठेवल्यावर एकदम आठवलं. लिंबू. ती गाडीखालची सही.

कितीतरी दिवसांनी मी इस्त्रीचा शर्ट घातला आणि बँकेत गेलो. काउंटरवरची बाई अतिशय सभ्य होती. तिनं कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, हो, तुमचा विमा चालू आहे. मला बसल्या जागी घाम फुटला, आनंदाचा. मग तिनं अटी विचारायला सुरुवात केली. विमा घेतला तेव्हा कायम नोकरीत होता का? होतो. त्यानंतर पुरेसे दिवस नोकरी केली का? केली. तुमच्या चुकीमुळे नोकरी गेली का? नाही, काम संपलं म्हणून माणसं कमी केली. मी तर तोंडी परीक्षेत सगळं येणाऱ्या पोरासारखा उत्तरं देत होतो. ती म्हणाली, छान, मग कंपनीचं टर्मिनेशनचं पत्र द्या.

मी राजीनामा मंजूर झाल्याचं पत्र दिलं. तिनं ते वाचलं आणि हलकेच फिरवून माझ्यापुढे ठेवलं. म्हणाली, "सर, तुम्ही स्वतः सोडलीय." मी म्हटलं, त्यांनी सोडायला सांगितलं. ती म्हणाली, तसं लिहिलेलं कुठे आहे? विमा नोकरी गेली तर आहे. सोडणाऱ्याला नाही.

मी तिला काय सांगणार होतो? की आमच्याकडे नोकरी जाण्यापेक्षा सोडण्यात इज्जत असते? ती तिच्या जागी बरोबर होती. तिनं पाणी हवं का विचारलं. मी नको म्हटलं. तिनं पुढच्या माणसाला बोलावलं तेव्हा उठलो, ह्या वेळी ऊठ म्हटल्यावर.

मग मी जे केलं ते आमच्या सात पिढ्यांत कुणी केलं नसेल. लोक जुन्या कंपनीकडे चांगल्या वर्तणुकीचा दाखला मागायला जातात. मी गेलो 'ह्याला आम्ही काढून टाकलं' असा दाखला मागायला. जाताना मेट्रोत इंग्रजी वाक्यं मनात घोकत होतो. प्लीज, से दॅट यू टर्मिनेटेड मी. रिसेप्शनवरची तीच पोरगी होती. तिनं हसून विचारलं, "सर, न्यू जॉब गुड?" मी मान हलवली. एचआर मॅनेजर भेटला. सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. एकाला असं पत्र दिलं तर बाकीचेही येतील, कारण मी एकटाच उठलो नव्हतो, बरेच जण उठवले गेले होते. म्हणाला, "हबीबी, हाऊ कॅन आय? यू गेव्ह अस स्वीट्स."

मी विनवण्या केल्या. हे लिहितानाही मान खाली जाते, पण केल्या. मुलीची शाळा सांगितली. आप्पांचं वय सांगितलं. त्याच्या टेबलाला हात लावला, गाभाऱ्याच्या उंबऱ्याला लावतात तसा. तो खिडकीकडे बघत राहिला.

शेवटी कामगार खात्याकडे तक्रार केली. तिथे दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतात. एक कतारी अधिकारी, एक हिंदी बोलणारा दुभाषा, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला कंपनीचा माणूस. मी सांगितलं, माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला. कंपनीच्या माणसानं काही वाद घातला नाही. त्यानं फोन काढला आणि अधिकाऱ्यापुढे ठेवला. फोटोत मी हसत होतो. हातात पेढ्यांचा बॉक्स. खाली माझा मेसेज, बऱ्याच विचारांती, नव्या संधींच्या शोधात. ईशानं एकही चूक राहू दिली नव्हती.

अधिकाऱ्यानं फोटो बराच वेळ बघितला. मग दुभाष्याला काही बोलला. दुभाषा म्हणाला, "साहब पूछ रहे हैं, नौकरी से निकाला था तो मिठाई क्यों बाँटी?"

मराठीतसुद्धा मला ते नीट सांगता आलं नसतं. डोळ्यांपुढे आमची गल्ली आली, आप्पा दारोदार पुडा घेऊन चाललेत आणि मी मागे मागे. मी म्हटलं, "हमारे में ऐसा होता है." दुभाष्यानं ते अरबीत सांगितलं. अधिकाऱ्यानं मान हलवली, कळल्यासारखी. कळणं शक्य नव्हतं. तो माझ्याशी शेवटपर्यंत नीट बोलला, पण प्रकरण समितीकडे गेलं आणि समितीचा निर्णय आला, की राजीनामा स्वखुशीचा आहे. त्याच्याबरोबर विम्याचं दारही मिटलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले, ते सविस्तर सांगत नाही. दुपारी खोलीत बसवायचं नाही म्हणून मन्सूराच्या मेट्रो स्टेशनात जाऊन बसायचो. तिथे गार असतं. माणसं कामावरून येताना, कामावर जाताना बघायची. सगळ्यांच्या गळ्यात कंपनीचं कार्ड. माझा हात सारखा माझ्या छातीकडे जायचा. एकदा सुरक्षारक्षकानं येऊन विचारलं, सर, तुम्हाला कुठे जायचंय? मला खरंच सांगता आलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं, की आपण नसलो तर कर्जाचं काय होतं, ते एकदा विचारावं. मग भीती वाटली. स्वतःचीच. मी खोलीवर आलो आणि बबनला म्हटलं, मला एकट्याला सोडू नको रे आज. त्यानं गाडीची चावी खिळ्याला अडकवली, मालकाला फोन करून तब्येत बरी नाही म्हणून सांगितलं आणि कांदा चिरायला बसला. "साहेब, घरी खरं सांगा," एवढंच म्हणाला.

मी सुनीताला फोन केला आणि सगळं सांगितलं. राजीनामा कसा झाला, पेढे कसे पुढे आले, मेट्रो स्टेशन, सगळं. मला वाटलं ती रडेल. पण ती विचार करत होती. म्हणाली, "पेढे मीच वाटायला लावले." मी म्हटलं, तसं काही नाही. ती म्हणाली, "असू दे. फ्लॅट विकू."

मी म्हटलं, अगं, त्या फ्लॅटसाठी तर इथे आलो. एवढी वर्षं त्याच्यासाठी काढली. ती म्हणाली, "हो ना. मग आता तो तुमच्यासाठी जाऊ दे. मला घर नकोय, तुम्ही पाहिजे. आम्ही सिन्नरला आप्पांकडे जातो राहायला." मागून ईशाचा आवाज आला. ती सगळं ऐकत होती. माझी लेक, जिला मी मराठीत विचारलं तर इंग्रजीत सांगते, ती म्हणाली, "बाबा, तुम्ही या ना घरी." मराठीत म्हणाली. एवढ्या दिवसांत मी पहिल्यांदा रडलो. बबन पातेल्यात उगाचच डाव फिरवत राहिला.

आता आप्पांना सांगणं आलं. दोघी राहायला जाणार म्हणजे कारण सांगावं लागणार. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन केला, कारण दुपारी आप्पा झोपलेले असतात आणि फोन आई उचलते. मी एका दमात सांगून टाकलं. "आई, मी नोकरी सोडली नाही. मला काढलं."

आई म्हणाली, "बरं मग?"

मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. पुन्हा म्हटलं, "काढलं, आई. कंपनीनं काढून टाकलं मला."

"ऐकलं रे. ह्यांनाही काढलंच होतं की."

"कुणाला?"

"तुझ्या बापाला. कारखान्यातून. ते पेढे नव्हते का वाटले? तुला माहीत नव्हतं होय?" आईच्या आवाजात आश्चर्य होतं, माझंच. "अख्ख्या गल्लीला माहीत होतं. पेढे खाल्ले सगळ्यांनी, कुणी बोललं नाही काही. चांगली होती माणसं."

पलीकडे खाट करकरली. आप्पा झोपलेले नव्हते. आईनं फोन त्यांच्याकडे दिला असावा, कारण आता फक्त श्वास ऐकू येत होता. मग आप्पा बोलले. "सकाळी कामावर गेलो तर माझ्या खुर्चीत दुसरा बसलेला. मालकाचा भाचा. मी डबा हातात घेऊन उभा. मालक म्हणाला, आता तुम्ही निघा." खाट पुन्हा करकरली. "दिवसभर देवीच्या टेकडीवर बसलो. संध्याकाळी पेढे घेतले. दुसरं काय घेणार घरी येताना?"

मला ती पंगत आठवत होती, पाठीशी येऊन उभा राहिलेला माणूस, आणि आप्पांची ती नजर. मला इतकी वर्षं तो त्यांचा स्वाभिमान वाटायचा. स्वाभिमान कसला, ओल्या जखमेवर कुणाचा हात लागू नये म्हणून माणूस अंग चोरतो, ते होतं ते. आणि मी त्यांचं ते वाक्य मंत्रासारखं पाठ करून सातासमुद्रापार घेऊन आलो, आणि नेमक्या वेळी म्हटलं.

"आप्पा, तुम्ही सांगायला पाहिजे होतं," मी म्हटलं.

"हो," आप्पा म्हणाले. "पाहिजे होतं."

फ्लॅटला गिऱ्हाईक लवकर मिळालं. घाईत विकणाऱ्याला मिळतो तसाच भाव मिळाला. मी इथून मुखत्यारपत्र पाठवलं, सुनीतानं सह्या केल्या. ईशानं दारावरची नावाची पाटी काढून सोबत घेतली. सिन्नरच्या दाराला ती मोठी होते म्हणून खाटेखाली ठेवलीय म्हणे. आप्पांनी पुढची खोली आम्हा तिघांसाठी रिकामी केली आणि स्वतःची खाट मधल्या खोलीत नेली. सुनीता नको नको म्हणत होती. पण उठायची सवय त्यांची, ते उठलेच.

बँकेची ती सभ्य बाई आज म्हणाली, पैसे आले, कर्ज बंद झालं, आता तुम्ही जाऊ शकता. मी बाहेर आलो. ऊन असं होतं की डोळे उघडेनात. मोकळं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच, की आता माझ्याकडे इथेही काही नाही आणि तिथेही काही नाही. नाशिकला आमच्या खिडकीत दुसऱ्यांचे कपडे वाळत असतील. बिन महमूदच्या घरात दुसऱ्या कुणाची तरी मुलगी फाइव्ह मिनिट्स म्हणत असेल. पन्नाशीला आलेला माणूस दोन बॅगा घेऊन आईबापाच्या घरी राहायला चाललाय, आणि पुढे काय करणार, ते त्याला माहीत नाही. तुम्हा सगळ्यांना हे मी आज सांगतोय, म्हणजे गल्लीत आल्यावर तुम्हाला माहीत नसल्याचं नाटक करावं लागणार नाही.

खोलीवर येऊन सिन्नरला फोन लावला. इकडून जाणाऱ्याला विचारायची रीत आहे, म्हणून मीही विचारलं, "आप्पा, काय आणू? खजूर, अत्तर, काही?"

"काही नको," आप्पा म्हणाले. "आणि पेढे तर आणूच नको. ये आणि बस. इथं तुला कुणी ऊठ म्हणणार नाही."